स्नायूंची ठेव आणि साबुदाण्याची खीर

घरात कोणी तापाने आडवे झाले किंवा शस्त्रक्रिया होऊन घरी आले, की स्वयंपाकघरात काय शिजणार हे जवळपास ठरलेले असते. साबुदाण्याची खीर, भाताची पेज, वरणाचे वरचे पाणी, आणि दिवसातून तीन-चार वेळा चहाबरोबर बिस्किटे. भेटायला येणारेही शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन येतात. 'पोटाला हलके' या दोन शब्दांखाली हे सगळे मायेने चालते. याच घरात एखाद्या कपाटात कोलॅजन पावडरीचा महागडा डबाही असतो. सुरकुत्या जाव्यात, गुडघे दुखू नयेत म्हणून कोणीतरी तो रोज चमचाभर घेत असते.

या दोन सवयींचा एकमेकींशी संबंध नाही असे वाटेल. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. शरीर म्हणजे भांडे, त्यात जे ओतू ते तसेच राहते आणि हव्या त्या जागी जाऊन बसते. कोलॅजन ओतले तर ते त्वचेत जाईल, आणि आजारात 'जड' काही ओतले नाही तर शरीराला विश्रांती मिळेल. प्रत्यक्षात शरीर भांड्यासारखे अजिबात वागत नाही. तिथे अहोरात्र मोडणे आणि जोडणे चालू असते. ते कसे चालते हे समजून घेतले, तर आजारपणातला आणि म्हातारपणातला आपला नेहमीचा आहार शरीराच्या गरजेच्या नेमका उलट आहे, असे म्हणावे लागते. ही चूक किरकोळ नाही. न्यूमोनिया बरा होतो, ऑपरेशन यशस्वी होते, पण माणूस पुन्हा पहिल्यासारखा उभा राहत नाही, असे अनेक घरांत घडते. त्याच्या कारणांमध्ये हे एक मोठे कारण आहे.

सुरुवात मोडण्यापासून करू. सजीवांमधले मोठे रेणू बहुतेक माळेसारखे असतात. लहान मणी एकामागून एक जोडून त्यांची लांब साखळी होते. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि तिच्यात २० प्रकारचे मणी वापरलेले असतात. माळ अख्खी असताना ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊ शकत नाही. म्हणून पचन म्हणजे मुख्यतः माळ सुटी करण्याचे काम. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले की तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतले विकर तिथेच पिष्ट तोडू लागलेले असते. प्रथिनांची तोडणी जठरात आम्ल आणि पेप्सिन सुरू करतात, स्वादुपिंडातून आलेले ट्रिप्सिन आणि त्याचे भाऊबंद ती पुढे नेतात. शेवटी आतड्याच्या पेशींपर्यंत पोचतात ती सुटी अमिनो आम्ले आणि दोन-तीन मण्यांचे तुकडे.

हे काम वाटते तितके सरधोपट नाही. साबुदाणा आणि कापूस या दोन्ही ग्लुकोजच्याच माळा आहेत. मणी तोच, फक्त दोन मण्यांमधली गाठ वेगळ्या पद्धतीने मारलेली. साबुदाण्यातली गाठ आपल्या विकरांना सोडवता येते, कापसातली येत नाही. गाईलाही ती स्वतःला सोडवता येत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात, म्हणून ती कडब्यावर जगू शकते. प्रत्येक गाठीला तिची किल्ली लागते.

शरीर अन्नातले मोठे रेणू किती कसोशीने मोडते, याचा पुरावा मधुमेहींच्या घरोघरी आहे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली, तरी साध्या गोळीसारखे इन्सुलिन गिळून चालत नाही, ते टोचावे लागते. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन आहे. गिळले तर जठर आणि आतडे त्याला औषध म्हणून ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी ते अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे अन्नच. ते त्याचे मणी सुटे करून टाकतात आणि इन्सुलिनपण तिथेच संपते.

आता हाच न्याय कोलॅजनच्या डब्याला लावून पाहा. गाईच्या कातड्यातले किंवा माशाच्या खवल्यांतले कोलॅजन पाण्यात घोळून प्यायले, की त्याचेही तुकडे होतात. ते मणी रक्तात मिसळतात आणि शरीर ते गरजेप्रमाणे कुठेही वापरते. रक्तातल्या मण्यावर 'हा डोळ्याखालच्या सुरकुतीसाठी' असा पत्ता लिहिलेला नसतो. जुना वाडा पाडून निघालेल्या विटांनी पुन्हा वाडाच बांधला जाईल असे नाही. त्यांची संडासची भिंतही होऊ शकते किंवा पायरीही. काय बांधायचे हे विटा ठरवत नाहीत, घरमालक ठरवतो. शरीरात ते पेशीतला डीएनए आणि त्या वेळची गरज ठरवते.

कोलॅजनच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. त्याच्या माळेत हायड्रॉक्सीप्रोलीन नावाचा खास मणी भरपूर असतो आणि जाहिराती त्याचाच गौरव करतात. पण पेशीतल्या यंत्रणेला हा मणी माळ ओवताना वापरताच येत नाही, कारण डीएनएच्या लिपीत त्याच्यासाठी अक्षरच नाही. पेशी आधी साध्या प्रोलीनने माळ ओवते आणि मग ओवलेल्या माळेतल्या काही प्रोलीनचे रूपांतर हायड्रॉक्सीप्रोलीनमध्ये करते. या कामाला क जीवनसत्त्व लागते. लांबच्या समुद्रप्रवासात ताजी फळे-भाज्या न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, जुन्या जखमा उकलत, ते याच कारणाने. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये खलाशांना संत्री-लिंबे देऊन पाहिली आणि ते झपाट्याने बरे झाले. त्यांना कोलॅजन खाऊ घालावे लागले नाही. कोलॅजन बांधण्याची सोय करून दिली तेवढे पुरले.

कोलॅजनचे काही छोटे तुकडे न मोडता रक्तात उतरतात, हेही खरे आहे. काही चाचण्यांत त्वचेच्या ओलाव्यात थोडा फरक दिसल्याचे सांगितले जाते. पण त्यातल्या अनेक चाचण्या लहान आहेत आणि बऱ्याच चाचण्यांना पावडर विकणाऱ्यांचेच पैसे आहेत. शिवाय अन्न म्हणून पाहिले तर कोलॅजन हे दुय्यम प्रतीचे प्रथिन आहे. ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल त्यात नसतेच. तो डबा म्हणजे प्रथिनाची सोय झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे.

मोडण्याची ही गोष्ट पोटापाशी संपत नाही. खरे आश्चर्य पुढे आहे. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत असे मानत, की प्रौढ माणसाचे शरीर एकदा बांधून झाले की तसेच राहते आणि रोजचे अन्न इंधनासारखे जळून जाते. इंजिनात कोळसा टाकला तरी इंजिनाचे लोखंड बदलत नाही, तसे. ही समजूत रुडॉल्फ शोनहायमर यांनी मोडली. हे जर्मनीतले ज्यू शास्त्रज्ञ. १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी आपले काम उभे केले. तिथे त्यांनी आणि डेव्हिड रिटनबर्ग यांनी नायट्रोजनचे किंचित जड रूप वापरून अमिनो आम्लांवर जणू खूण केली आणि ती उंदरांना खाऊ घातली. हा नायट्रोजन लघवीतून बाहेर पडेल अशी अपेक्षा होती. पण त्यातला मोठा वाटा उंदरांच्या शरीरातल्या प्रथिनांमध्येच जाऊन बसलेला आढळला. उंदरांचे वजन तर वाढले नव्हते. म्हणजे जितके नवे आत बसले, तितके जुने मोडून बाहेर पडले होते. शरीर वरून स्थिर दिसते, आतून सतत बदलत असते.

पुढच्या संशोधनाने या बदलाचे माप काढले. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडली जातात आणि जवळपास तितकीच नव्याने बांधली जातात. अन्नातून येतात ती जेमतेम ५०-६० ग्रॅम. बाकीची गरज जुन्या मण्यांचा पुनर्वापर करून भागते. कोणते प्रथिन कधी मोडायचे याचीही शिस्त आहे. नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटवली जाते आणि चिठ्ठी लागलेला माल पेशीतल्या एका खास यंत्रात जाऊन तुकडे होऊन बाहेर येतो. ही व्यवस्था उलगडणाऱ्या आरोन चिखानोवर, अवराम हर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पेशी आपलेच मोठे भाग गुंडाळून कसे पचवते, हे किण्व पेशींमध्ये दाखवणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये वैद्यकाचे नोबेल मिळाले.

या दुसऱ्या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात, आणि हल्ली उपवासाच्या समर्थनासाठी हा शब्द सर्रास फेकला जातो. चाळिशीतल्या धडधाकट, थोड्या सुटलेल्या माणसाने संध्याकाळी लवकर जेवावे, याला कोणाची हरकत नाही. पण तोच शब्द वापरून सत्तरीतल्या, तापाने खंगलेल्या बाईला 'लंघन केले की शरीर आतून साफ होते' असे सांगणे म्हणजे विज्ञानाचे नाव घेऊन तिचे नुकसान करणे आहे. मोडणे उपयोगी असते, पण त्याच्या पाठीला जोडणे असेल तरच.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जास्त झालेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवते. जास्तीचे तेल-तूप चरबीच्या रूपात साठते, त्याला तर मर्यादाच नाही. पण अमिनो आम्लांचे असे राखीव कोठार शरीरात नाही. वापरून उरलेल्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन युरिया बनून लघवीवाटे जातो. रविवारी भरपेट मटण खाल्ले म्हणून बुधवारची बेगमी होत नाही. मग प्रथिनांची चणचण पडली तर शरीर काय करते? ते स्नायू मोडते. मांड्या, दंड, पाठ इथले स्नायू ही आपली एकमेव ठेव आहे. अडचण आली की बँकेतली मुदत ठेव मोडावी, तशी ती मोडली जाते.

आणि आजारपणाइतकी मोठी अडचण दुसरी कोणती? ताप आला, जखम झाली, हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, की शरीराला एकदम नव्या बांधकामाची गरज पडते. रोगप्रतिकारक पेशींची संख्या वाढवायची असते, प्रतिपिंडे बनवायची असतात, यकृताला दाहाशी लढणारी प्रथिने तयार करायची असतात, जखम भरायची असते. यासाठी लागणारे मणी ताबडतोब हवे असतात. कॉर्टिसोलसारखी संप्रेरके आणि दाहाचे संदेश स्नायूंना मोडण्याचा आदेश देतात. ग्लासगोचे डॉक्टर डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली, तेव्हा तीत नायट्रोजन इतका जास्त सापडला, की तो फक्त मोडलेल्या पायातून येणे शक्यच नव्हते. सगळ्या शरीरातले स्नायू झिजत होते.

त्यात अंथरूण भर घालते. स्नायू बांधायला माल लागतो तशी मागणीही लागते, आणि मागणी हालचालीतून येते. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणाला खिळवून ठेवले होते. त्यांना कुठलाही आजार नव्हता, प्रथिनेही नेहमीच्या शिफारशीइतकी मिळत होती. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतला चरबीविरहित भाग सरासरी जवळपास एक किलोने घटला. आजारी माणसाचे, आणि त्यातही साबुदाण्याच्या खिरीवर असलेल्या माणसाचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

साबुदाणा कसाव्याच्या कंदातून काढतात आणि तो जवळपास निव्वळ पिष्ट असतो. १०० ग्रॅम साबुदाण्यात प्रथिन एक ग्रॅमही नसते. पेजेत तांदळाचे थोडेसे प्रथिन असते, पण ती इतकी पातळ असते, की वाटीभर पेजेत मोजण्यासारखे काही उरत नाही. वरणाच्या वरच्या पाण्याची तीच कथा. प्रथिन डाळीत असते आणि डाळ तळाशी बसते. 'वरचे पाणी बाळाला आणि आजाऱ्याला, खालची डाळ घरच्यांना' ही आपल्याकडची वाटणी म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाटीतून नेमके तेच काढून घेणे.

या अन्नाचा काहीच उपयोग नाही असे नाही. उलट्या-जुलाब चालू असताना पहिला दिवस-दीड दिवस पेज, सरबत, शहाळे योग्यच. पिष्टातून ऊर्जा मिळाली तर शरीराला इंधनासाठी प्रथिन जाळावे लागत नाही, हाही फायदा आहे. पण पहिल्या दिवसाचे पथ्य दहा-पंधरा दिवस चालते तेव्हा त्याचे नुकसान होते. आणि 'परंपरेत असेच सांगितले आहे' हेही पूर्ण खरे नाही. मुगाचे कढण, मऊ मुगाची खिचडी, मेतकूट-भात, बाळंतिणीचे अळिवाचे लाडू, कोंबडीचा किंवा पायाचा रस्सा हीसुद्धा आपली परंपरा आहे. आपण त्यातले सोपे आणि पांढरे तेवढे ठेवले, बाकीचे विसरलो.

म्हातारपणाची गोष्ट तर रोजचीच आहे. पन्नास किलो वजनाच्या एखाद्या आजींचा दिवस ढोबळ हिशेबाने मांडू. तीन वेळच्या चहातले दूध मिळून अडीच ग्रॅम प्रथिन. चार बिस्किटे दोन ग्रॅम. दिवसभरात दोन पोळ्या साडेसहा ग्रॅम. थोडा भात चार ग्रॅम. अर्धी वाटी पातळ वरण दोन, भाजी दोन, रात्री अर्धा कप दूध तीन. बेरीज २२. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन हवे, म्हणजे या आजींना ४१-४२ ग्रॅम. वृद्धांच्या आहारावर काम करणारे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट त्यांच्यासाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम आणि आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम सुचवतात, कारण वय वाढले की तेवढ्याच प्रथिनातून स्नायू कमी बांधले जातात. म्हणजे आजींना ५० ते ६० ग्रॅम हवे आणि मिळते त्याच्या निम्म्याहून कमी. 'आईचे जेवण हल्ली अगदी कमी झालेय, पण तब्येत ठीक आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा तिची ठेव रोज थोडी-थोडी मोडली जात असते. एक दिवस ती न्हाणीघरात पडते, तेव्हा आपण फरशीला दोष देतो.

यावर उपाय म्हणून पावडरीचा डबा आणायलाच हवा असे नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नका, असेच सांगितले आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असते. तीस ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणात सात, कपभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर दह्यात चार-पाच ग्रॅम. सोयाबीनच्या तीस ग्रॅम वड्यांत पंधरा ग्रॅम. दात नसतील तर शेंगदाण्याचे कूट, मऊ उकडलेले अंडे, ताकाऐवजी दही, मुगाचे धिरडे, पिठले. साबुदाण्याची खिचडीच हवी असेल तर निदान कूट हात न आखडता घाला आणि बरोबर वाटीभर दही द्या.

दोन गोष्टी मात्र शरीराच्या बांधकामातून थेट निघतात, त्या सांभाळायला हव्यात. माळ ओवताना वीसच्या वीस मणी एकाच वेळी हाताशी लागतात. एक जरी कमी पडला तरी काम अडते. यातले नऊ मणी शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. धान्यांत लायसिन कमी असते, डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही ताटात आली की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भात आणि पिठले-भाकरी या जोड्यांची पोषणाची बाजू इतकी भक्कम आहे, ती या कारणाने. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस कच्च्या धान्याच्या तीन भागांना एक भाग डाळ अशी आहे. आपल्या ताटात मात्र भात डोंगराएवढा आणि वरण त्यावर शिंपडल्यासारखे असते. दुसरी गोष्ट, कोठार नसल्यामुळे प्रथिन दिवसाच्या प्रत्येक खाण्यात थोडे-थोडे हवे, आणि त्याच्या जोडीला हालचाल हवी. आजाऱ्याला डॉक्टरांनी परवानगी दिली, की खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे हे औषधाच्या वेळेइतकेच काटेकोरपणे व्हायला हवे. ज्यांचे मूत्रपिंड किंवा यकृत आजारी आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

इथवर घराची गोष्ट झाली. पण हा प्रश्न फक्त घरांच्या सवयींवर सोडून चालणार नाही. अनेक घरांत साबुदाणा देतात तो अज्ञानाने नव्हे, तर डाळ आणि अंडी परवडत नाहीत म्हणून. क्षयरोगाचे उदाहरण बोलके आहे. झारखंडमध्ये क्षयाच्या २,८०० रुग्णांच्या कुटुंबांबरोबर केलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना औषधांबरोबर शिधा दिला गेला. काही कुटुंबांत घरातल्या इतरांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी होता. तांदूळ आणि डाळीने हे साधले, कारण प्रतिकारशक्तीची प्रथिने हवेतून बनत नाहीत.

हे समोर असताना आपली धोरणे काय सांगतात? क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, हे स्वागतार्ह आहे. पण अन्नसुरक्षा कायद्याखाली बहुसंख्य लाभार्थींना माणशी दरमहा ५ किलो मिळते ते धान्य. त्या हक्कात डाळ नाही. म्हणजे माळेतले काही मणी सरकार फुकट देते आणि उरलेले बाजारभावाने घ्या म्हणते. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात अंडे देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून लोकसहभागातून सोय करा, असे शाळांना सांगितले गेले. ज्या वयात शरीर रोज मोडते त्याहून जास्त बांधते, त्या वयातली सर्वांत स्वस्त आणि पूर्ण प्रथिनाची सोय देणगीवर सोडणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. त्याची किंमत पुढे कधीतरी दुसऱ्या खात्यातून चुकवावी लागते.

रुग्णालयांनीही यात आपला वाटा उचलायला हवा. घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर औषधांची नावे, मात्रा आणि वेळा नेमक्या लिहिलेल्या असतात. आहाराच्या रकान्यात मात्र 'हलका आहार' एवढेच. हे दोन शब्द घरी पोचेपर्यंत साबुदाणा होतात. त्याऐवजी 'रोज दोन अंडी किंवा दोन वाट्या घट्ट वरण, दोन कप दूध, वाटीभर दही' असे वाट्यांत लिहून देता येईल. दाखल करताना आणि सोडताना रुग्णाचे वजन करून ते कागदावर नोंदवता येईल. याला ना यंत्र लागते ना निधी. रुग्ण सात दिवसांत तीन किलोने उतरला असेल, तर ते नातेवाइकांना कळलेच पाहिजे.

तोवर हा प्रश्न आपणच विचारायला हवा. घरातले कोणी रुग्णालयातून सुटेल त्या दिवशी डॉक्टरांना 'काय खाऊ घालू नको?' असे विचारण्याची आपली सवय आहे. त्याऐवजी 'रोज किती प्रथिन द्यायचे आणि किती वेळा उठवून चालवायचे?' असे विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.